नीती बहुमताने ठरत नाही

नैतिकता म्हणजे त्या त्या समाजाने लावून घेतलेली सोय, असे मांडणारा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. तो पटला नाही. तसे मानले, तर रूढीविरुद्ध उभा राहणारा प्रत्येक सुधारक व्याख्येनेच चुकीचा ठरतो. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली ती मालकांसाठी. ज्यांच्या पाठीवर आसूड ओढले गेले, त्यांच्या हाती छदामही पडला नाही. हे कायदेशीर होते, पण न्याय्य होते असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आसुडाची वेदना कोणाच्या मान्यतेवर अवलंबून नसते, म्हणूनच नीतीचा उगम ईश्वराज्ञेत किंवा लोकमतात शोधण्याआधी तो या वेदनेत शोधायला हवा होता. लेखात तिचा उल्लेखही नाही.