समाजसेवा विभागातल्या मॅडमना, जाहीर आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

भावाच्या वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला वर्ष उलटून गेलं. पेढे घेऊन आले होते तेव्हा तुम्ही म्हणालात, "पेढे वॉर्डात वाटा, मला रिपोर्ट दाखवा." रिपोर्ट पाहून तुमचा चेहरा खुलला, तेवढ्यात दारात पुढचा पेशंट उभा राहिला आणि बोलायचं राहूनच गेलं. ते आता लिहून काढते आहे. उघड लिहिते आहे, कारण यातलं बरंचसं इतरांनीही वाचावं असं मला मनापासून वाटतं. भावाला विचारूनच लिहिते आहे. तुमचं आणि हॉस्पिटलचं नाव मात्र घालत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही, हे एवढ्या दिवसांत कळलं आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. माझा धाकटा भाऊ बिबवेवाडीत राहतो, रिक्षा चालवतो. साडेपाच फूट उंची आणि १२८ किलो वजन, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४५च्या वर. दिवसातून दोनदा इन्सुलिन. लघवीतून प्रथिनं जायला लागलेली, म्हणजे किडनीचं दुखणं दाराशी आलेलं. रात्री झोपेत श्वास अडकायचा आणि दिवसा बसल्याजागी डोळा लागायचा. रिक्षावाल्याला सिग्नलला डुलकी लागणं म्हणजे काय, हे स्वारगेटच्या चौकातून रोज जाणाऱ्या कुणालाही समजावून सांगायला नको.

या माणसाला सल्ले कमी मिळाले नव्हते. भात सोड, तळजाईला चालायला जा, जिभेवर ताबा ठेव. त्याने ते केलेही. एकदा वीस किलो उतरवले होते, आणि वर्षाच्या आत ते सगळे परत आले. आमच्याच नात्यातल्या लोकांनी तेव्हा काय काय म्हटलं, ते इथे लिहीत नाही. एका दवाखान्यात वजनकाटा १२० किलोपर्यंतचाच होता. तिथल्या माणसाने हसत सांगितलं, "मार्केट यार्डातल्या काट्यावर जाऊन ये." भाऊ काही न बोलता परत आला आणि पुढे कितीतरी महिने कुठल्याच डॉक्टरकडे गेला नाही. लाज वाटली की माणूस औषधोपचारापासून लांब पळतो. त्या लाजेने त्याची साखर जितकी वाढवली, तितकी भाताने वाढवली नसेल.

तुमच्या खोलीत आम्ही पहिल्यांदा आलो, तेव्हा तुम्ही आधी उठून हात नसलेली खुर्ची ओढून त्याच्या पुढे ठेवलीत. कसलाही गाजावाजा न करता. तो नीट बसला, मग तुम्ही कागद मागितले. "काय खाता?" हा प्रश्न त्या दिवशी तुम्ही विचारलाच नाहीत. "रिक्षा किती वाजता काढता, किती वाजता लावता, झोप किती होते?" असं विचारलंत. त्याने मला घरी आल्यावर सांगितलं, "ताई, त्या बाईंनी मला माणसासारखं विचारलं."

खासगीत या ऑपरेशनला काही लाख लागतात. विमा नव्हता, आणि सरकारी योजनेच्या काउंटरवर आम्हाला "यात बसत नाही" असं उत्तर मिळालं होतं. धर्मादाय हॉस्पिटलमध्ये गरिबांसाठी राखीव खाटा असतात, हे मी ऐकून होते. पण तो आपला हक्क आहे, हे तुम्ही सांगेपर्यंत माहीत नव्हतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ४१ एए कलमाखालच्या योजनेत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि त्यासाठी हॉस्पिटलच्या बिलांतून दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवायची. हे तुम्ही इतक्या सरळ शब्दांत सांगितलंत की भावालाही पाठ झालं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, केशरी रेशनकार्ड, आधार. दाखल्यावर नावात चूक निघाली तेव्हा कुणाला भेटायचं, हेही तुम्हीच सांगितलंत. ऑपरेशनात जठर कापून शिवणाऱ्या स्टेपलरच्या काडतुसांचा खर्च आमच्या आवाक्यात नव्हता, तर दोन ट्रस्टना तुम्ही स्वतः पत्रं लिहिलीत. ती पत्रं मी वाचली आहेत. त्यांत दया मागितलेली नव्हती. रोग काय, उपाय काय, कुटुंब किती भरू शकतं आणि किती कमी पडतं, एवढंच होतं.

तरी मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते मदत कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीतल्या एका उत्तरासाठी. आम्ही बाहेरच्या बाकावर होतो, दार अर्धवट उघडं होतं. आत कुणीतरी म्हणालं, "ज्याचा स्वतःच्या तोंडावर ताबा नाही, त्याचा भार ट्रस्टने का उचलायचा?" भाऊ मान खाली घालून बसला. आणि मग तुमचा आवाज आला, अगदी शांत. "मागच्या महिन्यात आपण ज्यांची अँजिओप्लास्टी केली, त्यांच्या केसपेपरवर तंबाखूची सवय लिहिलेली आहे. त्यांना आपण हे विचारलं नाही, आणि नाही विचारलं हे योग्यच झालं."

त्या वाक्यानंतर मी पुष्कळ विचार केला. ससूनच्या अपघात विभागात दुचाकीवरून पडलेला पोरगा आला, तर हेल्मेट घातलं होतंस का हे विचारून मग कुणी टाके घालत नाही. दारूने यकृत गेलेल्याला वॉर्डातून हाकलत नाहीत. मग जाड माणसालाच आधी दोषमुक्त होऊन यायला का सांगतात? याचं कारण मला एकच दिसतं. त्याचा आजार सगळ्यांना बाहेरून दिसतो, आणि ज्याला त्याला वाटतं की आपल्याला त्याची गोष्ट माहीत आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून नंतर मिळेल ते वाचत गेले. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५० जाड माणसांना दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकांचा आहार दिला. वजनं उतरली. पण वर्षभरानंतरही त्यांच्या रक्तातली भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेलीच होती आणि पोट भरल्याची जाणीव देणारी उतरलेली. म्हणजे शरीर उतरलेलं वजन परत मागत राहतं, रोज, प्रत्येक जेवणाला. भावाचे वीस किलो परत आले तेव्हा त्याच्या आत काय चाललं होतं, ते मला त्या वाचनातून समजलं. भावाचं झालं त्या स्लीव्हच्या ऑपरेशनात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात. ज्या भागात घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक सगळ्यात जास्त तयार होतं, तो त्याबरोबर जातो. ऑपरेशननंतर भाऊ पहिल्यांदा म्हणाला, "आता जेवण झाल्यावर जेवणाचा विचार थांबतो." चाळिशीच्या माणसाला हे नवीन होतं.

आणि आपल्या पुण्यातलंच एक काम आहे, ज्याचा पुणेकरांनी अभिमान बाळगावा. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यांची बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने बरीच टिकलेली. हडकुळं दिसणारं मूल चरबी साठवायची तयारी करूनच जन्माला येतं. आमची आई भोर तालुक्यातली. बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत शेतात होती, आणि भाऊ जन्मला तो दोन किलोच्या आसपास. त्याच्या लठ्ठपणाचं कारण एवढंच, असं मी म्हणणार नाही. बारा-बारा तास एका जागी बसणं आहे, स्टँडवरचा स्वस्त वडापाव आहे, रात्रपाळी आहे. पण यातल्या किती गोष्टी त्याने निवडल्या, हे मोजायला बसलं तर यादी फार छोटी निघते.

दुसरी बाजूही मला कळते. निधी मोजका असतो. त्याच निधीतून हृदयाला छिद्र असलेल्या मुलांची ऑपरेशनं होतात, आणि एकाला दिलं की कुणाचं तरी मागे राहतं. तुम्ही स्वतः एकदा म्हणाला होतात की फाइल पुढे-मागे करताना हात जड होतो. म्हणून निकष हवेतच, आणि कडक हवेत. या ऑपरेशनचा खर्च विम्यातून मिळण्यासाठी विमा नियामकाने २०१९ मध्ये असे निकष घातलेले आहेत: बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, आणि त्याआधी साधे उपाय करून ते थकलेले. हे आकडे १९९१ साली अमेरिकेत ठरले होते. २०२२ मध्ये शल्यविशारदांच्या जागतिक संघटनेने आशियाई लोकांसाठी ते बरेच खाली आणले, २७.५पासून विचार करावा असं म्हटलं. कुठली रेघ धरायची ते जाणत्यांनी ठरवावं. पण रेघ आजाराची असावी, चारित्र्याची नसावी.

पैशाचंच म्हणाल तर एक गोष्ट मला अजून सलते. भाऊ अजून काही वर्षं तसाच राहिला असता आणि किडनी पूर्ण निकामी झाली असती, तर सरकारी योजनेतून त्याला डायलिसिस मिळालं असतं. आठवड्यातून दोन-तीनदा, जन्मभर. तेव्हा कुणी तोंडावरच्या ताब्याचा विषय काढला नसता. किडनी वाचवणाऱ्या एका ऑपरेशनसाठी मात्र त्याला स्वतःची लायकी सिद्ध करावी लागली. सरकारी हॉस्पिटलांत ही सोय वाढावी, योजनांच्या यादीत ती निकषांसह स्पष्ट लिहिलेली असावी, असं मला वाटतं. एखाद्या पेशंटला तुमच्यासारखी मॅडम भेटते की नाही, यावर ते अवलंबून राहू नये.

आता त्याच्या जबाबदारीबद्दल. तुम्ही त्याला सूट दिलीत असं कुणाला वाटेल, म्हणून मुद्दाम लिहिते. त्याच्याशी इतकं कडक कुणीच वागलं नव्हतं. ऑपरेशनच्या आधी तुम्ही त्याला आणि भावजयीला समोर बसवून वहीत लिहून घ्यायला लावलंत: रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं, जेवताना पाणी नाही, घास बारीक चावून, बी-१२, लोह आणि कॅल्शियम जन्मभर, ठरलेल्या तारखांना रक्ताच्या तपासण्या, तंबाखू बंद. वजन परत वाढू शकतं, हेही लपवलं नाहीत. "ऑपरेशन आम्ही करू, पुढचं तुम्ही करायचं. जमणार नसेल तर आत्ता सांगा, ही जागा दुसऱ्याला देते," असं तोंडावर म्हणालात. आणि तो म्हणाला, "जमवतो." मागे काय चुकलं यावर लोक त्याला आयुष्यभर बोलत आले होते. उद्या काय करशील, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.

तो जमवतो आहे. मुगाचं घावन, उसळ, उकडलेली अंडी, ताक, असा डबा रिक्षात असतो. वजन ८८ किलो आहे. इन्सुलिन बंद झालं, एक गोळी उरली. झोपेची तपासणी परत केली, श्वास अडकत नाही. लघवीतली प्रथिनं कमी झाली आहेत, पण पूर्ण गेलेली नाहीत, त्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आहे. एका दिवाळीत घसरला, तीन किलो वाढले, आणि कुणी न सांगता तुमच्याकडच्या आहारतज्ज्ञांची वेळ घेऊन आला. पूर्वीचा भाऊ अशा वेळी घरात लपून बसला असता.

भावजयीचेही आभार तुमच्या निमित्ताने मानते. घरात दोन चुली न मांडता तिने सगळ्यांचंच जेवण बदललं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असा पेशंट असेल, तर जवळच्या धर्मादाय हॉस्पिटलमध्ये जाऊन समाजसेवा विभाग कुठे आहे ते आधी विचारा. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड बरोबर ठेवा. नाही म्हटलं तर कारण लेखी मागा, आणि धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात दाद मागता येते हे लक्षात असू द्या.

मॅडम, शेवटचं. समितीत तो प्रश्न पुन्हा कुणी विचारेलच. तेव्हा आमची फाइल काढा. आधीचे आणि आत्ताचे सगळे रिपोर्ट त्यात आहेत, आणि ते नावासकट दाखवायला भावाची हरकत नाही. तसं त्याने सही करून दिलं आहे. तो कागद येत्या शनिवारी तपासणीला येताना तो स्वतः घेऊन येईल.

आपली,
एका रुग्णाची बहीण
बिबवेवाडी, पुणे