तेलाच्या नोकरीकडे भूशास्त्रातूनही जाता येते

संपादक महोदय,

बारावीचे निकाल लागले की नाशिकमध्ये ‘तेल कंपनीत नोकरी म्हणजे पेट्रोलियम इंजिनीअरिंग’ एवढेच ऐकू येते. खासगी महाविद्यालयाची भरमसाट फी भरण्याआधी पालकांनी एक फरक समजून घ्यावा. विहीर कशी खोदायची, तेल वर कसे आणायचे हे इंजिनीअरचे काम. मुळात विहीर कुठे घ्यायची आणि खाली कोणता खडक लागला, हे सांगतो तो जिऑलॉजिस्ट (भूशास्त्रज्ञ) किंवा जिओफिजिसिस्ट (भूभौतिकशास्त्रज्ञ). त्यासाठी साधी बी.एस्सी. करून पुढे जाता येते.

बी.एस्सी.ला भूशास्त्रासोबत गणित आणि फिजिक्स ठेवावे. अवघड म्हणून गणित सोडणारी मुले पुढे सेस्मिकच्या, म्हणजे जमिनीत कंपने सोडून खालचे थर शोधण्याच्या, कामात अडतात. त्यानंतर ‘जॅम’ ही आयआयटीची एम.एस्सी. प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबई किंवा धनबादला एम.एस्सी., मग ‘गेट’ ही इंजिनीअरिंग व विज्ञान शाखांची देशपातळीवरची परीक्षा. सरकारी तेल कंपन्यांची भरती कधी गेटच्या गुणांवर होते, कधी स्वतंत्र परीक्षेने. त्यामुळे दर वर्षीची जाहिरात मुळातून वाचावी. जिऑलॉजिस्टच्या पदाला पदव्युत्तर पदवी लागते, नुसती बी.एस्सी. पुरत नाही.

नाशिककरांची खरी अडचण वेगळीच आहे. पांडवलेणी, अंजनेरी, ब्रह्मगिरी, जिकडे जावे तिकडे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा दगड. आपली मुले त्याच्या पोकळ्यांतले झिओलाइट हे खनिज चटकन ओळखतात, पण तेल बहुतेक गाळाच्या खडकांत सापडते आणि वाळूचा खडक किंवा चुनखडक त्यांनी जागेवर पाहिलेलाच नसतो. 1974 मध्ये बॉम्बे हायला तेल लागले ते चुनखडकात. गुजरातच्या अंकलेश्वर तेलक्षेत्रात आपलाच काळा दगड गाळाच्या थरांखाली खोल गेलेला आहे. महाविद्यालयांनी एक तरी सहल मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाघला न्यावी. तिथे सागरी चुनखडक आणि त्यावरचा बेसाल्ट एकाच परिसरात पाहायला मिळतो.

पहिली नोकरी बऱ्याचदा मड लॉगरची असते, बारा-बारा तासांच्या पाळीची. खोदताना पाइपमधून खाली सोडलेला पातळ चिखल पाइपबाहेरून वर येतो; त्याबरोबर येणारा खडकाचा चुरा तपासून तो कोणत्या खोलीचा, हे लिहायचे. चूक होते ती ‘लॅग’मध्ये, म्हणजे तळाचा चुरा वर यायला लागणाऱ्या वेळेत. विहिरीची भिंत आणि पाइप यांमधल्या पोकळीत 60 घनमीटर चिखल असेल आणि पंप मिनिटाला 2 घनमीटर ढकलत असेल, तर तळाचा चुरा वर यायला 30 मिनिटे लागतात. ताशी 20 मीटर खोदाई चालू असेल तर तेवढ्यात ड्रिल 10 मीटर पुढे गेलेले असते. भिंत ढासळून पोकळी वाढली की हिशेबापेक्षा जास्त वेळ लागतो आणि नमुना खऱ्यापेक्षा खोल नोंदला जातो. म्हणून चिखलात खूण म्हणून तांदूळ किंवा कार्बाइड सोडून ती खूण वर यायचा वेळ मोजतात, त्यातून पाइपमधून खाली जायला लागणारा वेळ वजा करतात. एवढा हिशेब तरी तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून करून घ्यावा, ही शिक्षकांना कळकळीची विनंती.

एक इशाराही द्यायला हवा. 2014 मध्ये शंभर डॉलरच्या वर असलेले तेल 2016 च्या सुरुवातीला तिसाच्या खाली आले, तेव्हा जगभर जिऑलॉजिस्टच्या नोकऱ्या गेल्या. यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा आणि भूजलाचे काम, हे दोन दरवाजे पहिल्या दिवसापासून उघडे ठेवावेत.

– भूशास्त्राचे एक अध्यापक, नाशिक