दप्तराविना दहा दिवस, पण गणिताच्या सरांना घेऊन

संपादक महोदय,

दहावीचा निकाल लागला की आपल्या बडोद्यात घरोघरी एक वाक्य ठरलेलं असतं : ‘याचं डोकं काही चालत नाही, आयटीआयला घाला.’ आईबापांच्या बोलण्यामागे निदान काळजी तरी असते. शाळेतले सर हेच म्हणतात, तेव्हा पोरगं वर्कशॉपमध्ये पाऊल टाकण्याआधीच खचलेलं असतं. आयटीआयत टर्नर ट्रेडला, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातायचं काम, हयातभर शिकवलं, म्हणून हे लिहितो आहे.

शिक्षकाच्या समजुतीने मुलाच्या प्रगतीत फरक पडतो का, यावर भरपूर संशोधन झालं आहे. १९६८ साली रोझेन्थाल आणि जेकबसन या अमेरिकी संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या एका शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी सुमारे २० टक्के मुलं निवडून ‘ही यंदा चमकणार’ असं शिक्षकांना सांगितलं होतं. पहिली-दुसरीतली अशी मुलं बुद्धिमापन चाचणीत खरंच पुढे गेली. वरच्या वर्गांत मात्र तसं काही दिसलं नाही, आणि प्रयोगावर टीकाही सडकून झाली. प्रशिक्षण शिबिरांत तो चमत्कारासारखा सांगतात, ते मला पटत नाही. त्यापेक्षा रौडेनबुश या संशोधकाचं १९८४चं काम कामाचं आहे. असे अनेक प्रयोग एकत्र तपासल्यावर त्यांना दिसलं, की शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून जास्त ओळखत असतील तर बाहेरून कानावर घातलेल्या मताचा परिणाम जवळजवळ उरत नाही. थोडक्यात, कान भरायचे ते सुरुवातीच्या पंधरवड्यातच भरतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या इन्स्ट्रक्टरच्या हातात असते मुलाची मार्कशीट!

मार्कशीटमध्ये जे दिसत नाही, त्यासाठी टेपर टर्निंगचंच घ्या, म्हणजे लेथवर धातूचा दांडा एका टोकाकडे निमुळता कातणं. मोठा व्यास ४० मिलिमीटर, लहान ३०, लांबी ५०. व्यासांतल्या फरकाला लांबीच्या दुपटीने भागलं की कोनाचा टॅन ०.१, म्हणजे कोन ५ अंश ४३ मिनिटं. दहावीच्या गणितात गचकलेलं पोरगं हा हिशेब करतं, कंपाउंड स्लाइड (लेथवरचं हत्यार तिरकं सरकवणारा भाग) पावणेसहा अंशांच्या किंचित अलीकडे लावून नट आवळतं, आणि कातलेला तुकडा, म्हणजे जॉब, स्लीव्हमध्ये (निमुळत्या नळीत) बसवताना डुगडुगला की कोणी न सांगता पुन्हा टॅनच्या तक्त्याकडे वळतं. चूक त्याच्या हाताला कळलेली असते, लाल शाईची गरज पडत नाही. फळ्यावर हीच त्रिकोणमिती मांडली की तो खाली मान घालून बसतो. (सगळेच असे नसतात. लेथसमोरही पेंगणारे मी पाहिलेत.)

हे गणिताच्या सरांना कधी दिसतच नाही, खरी अडचण ही आहे. व्याख्यानं देऊन त्यांचं मत बदलणार नाही. थॉमस गस्की या शिक्षणसंशोधकाने १९८६ साली मांडलं होतं, की आधी शिक्षकाचं मन वळवा म्हणजे शिकवणं सुधारेल, हा क्रमच उलटा आहे. आपल्याच विद्यार्थ्यांत फरक पडलेला डोळ्यांनी पाहिला, की मग शिक्षकाची समजूत बदलते. इतक्या वर्षांत माझा अनुभवही हाच.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकावं, असं म्हटलं आहे. १९ ते २४ वयाच्या कामकऱ्यांत रीतसर व्यवसायशिक्षण घेतलेले आपल्याकडे ५ टक्क्यांहूनही कमी, जर्मनीत ७५ टक्के, हे आकडेही त्याच धोरणात दिलेत. पण मी पाहिलं ते असं : मुलांसोबत पीटीचे सर जातात, दोन फोटो निघतात, संध्याकाळी सगळे परत. गणिताचे सर तेवढ्या वेळात पेपर तपासत बसतात.

आणि हे बडोद्यात! सयाजीराव महाराजांनी १८९० साली इथेच कलाभवन ही हस्तकौशल्यं आणि तंत्र शिकवणारी संस्था काढली. ती उभी करणारे त्रिभुवनदास गज्जर बडोदा कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना कापडाची रंगाई शिकवण्यात कमीपणा वाटला नाही. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले.

माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. त्या दहा दिवसांत गणित-विज्ञानाच्या सरांनी, बाईंनी मुलांबरोबर वर्कशॉपमध्ये उभं राहावं, पूर्ण वेळ. आणि आयटीआयत नवी बॅच आली की पहिला महिना मार्कशीट ऑफिसच्या कपाटात राहू द्यावी, इन्स्ट्रक्टरला दाखवू नये. याला नवं बजेट लागत नाही. शाळेने चार बदली तास लावायचे आणि ऑफिसच्या क्लार्कने कपाटाला कुलूप घालायचं, एवढंच काम आहे.

— एक निवृत्त इन्स्ट्रक्टर, दांडिया बाजार, वडोदरा