पथ्यावरचा बेथोव्हेन

पुणे, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र मिळालं आणि आमसुलंही. पत्र दोनदा वाचलं, आमसुलं मात्र बरणीत भरून फळीवर ठेवलीत. पित्ताशय काढून महिना होईल, तरी आंबट-तिखट अजून बंदच. दोन्ही वेळा मऊ भात आणि मुगाचं वरण. तू लिहिलंस, 'पडल्या पडल्या गाणं ऐक'. ते मनापासून पाळलं, फक्त तू सांगितलेलं गाणं ऐकलं नाही. बेथोव्हेन ऐकला, तोही त्याच्या अखेरच्या दोन-अडीच वर्षांतले स्ट्रिंग क्वार्टेट.

हस तू. सवाईच्या मांडवात मला म्हणाला होतास, 'दोन व्हायोलिनं, एक व्हिओला, एक चेलो, चौघं भांडतायत नुसते, गाणं कुठाय त्यात?' मी गप्प बसलो, कारण मलाही तसंच वाटायचं. कित्येक वर्षं मी ते भाजी निवडताना लावायचो आणि दहाव्या मिनिटाला बंद करायचो. या खेपेला उठून बंद करायला टाके ओढत होते, म्हणून पुढचं ऐकलं गेलं. दुखणं पथ्यावर पडलं म्हण!

ओपस १३२ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) पासून सांगतो. १८२२ च्या नोव्हेंबरात रशियातल्या पीटर्सबर्गहून प्रिन्स गालित्सिननं 'एक, दोन किंवा तीन' क्वार्टेट लिहून मागितले. (पैसे द्यायला मात्र इतकं रखडवलं, की बेथोव्हेन गेल्यावरही हिशेब चालूच होता. सरदार सगळीकडचे सारखेच.) १८२५ च्या एप्रिलात त्यातल्या दुसऱ्या क्वार्टेटचं, म्हणजे या १३२ चं, काम चालू असताना बेथोव्हेनचं पोट असं बिघडलं की त्यानं अंथरूण धरलं. डॉक्टर ब्राउनहोफरनं फर्मावलं: वाइन नाही, कॉफी नाही, मसाले नाहीत, आणि गावाबाहेर हवापालटाला जा. ही यादी वाचली आणि त्या तिरसट माणसाबद्दल मला पहिल्यांदा आपलेपणा वाटला. मे महिन्यात बाडेनहून त्यानं डॉक्टरला एक गमतीचं छोटं गाणं लिहून पाठवलं, 'डॉक्टर मरणाला दार लावून घेतो, सूरही अडीनडीला धावून येतात' अशा अर्थाचं. आणि या क्वार्टेटच्या मधोमध एक भाग घातला. नाव लांबलचक: बऱ्या झालेल्या माणसानं देवाला वाहिलेलं कृतज्ञतेचं पवित्र गीत, लिडियन मोडमध्ये.

आता कान दे. लिडियन म्हणजे आपला कल्याण थाट. सगळे स्वर शुद्ध, मध्यम तेवढा तीव्र. मी त्यातल्या यमन रागाची वाट बघत बसलो. यमन येत नाही रे! कारण तंबोरा नाही. 'सा' कुणी धरूनच ठेवत नाही, त्यामुळे कान सारखा डळमळतो. तो तीव्र मध्यम घटकेत मध्यम वाटतो, घटकेत पंचमाकडून आलेला शुद्ध निषाद वाटतो. म्हणजे पंचमालाच 'सा' मानायचा मोह होतो. जमिनीवर पाय टेकतोय की नाही, अशी ती अवस्था. पहिल्यांदा पलंगावरून उतरून मोरीपर्यंत गेलो तेव्हा अगदी हेच झालं होतं. लय इतकी विलंबित की पुढचा सूर येईल याची खात्री वाटत नाही. बरेच वादक इथे तारेवरचं बोट जवळजवळ न थरथरवता गज सरळ ओढतात, आवाज हार्मोनियमच्या भात्यासारखा सपाट, जुना येतो.

मग एकदम वेगळा स्वर लागतो, लय जरा चालती होते, वर पहिल्या व्हायोलिनवर लहान लहान कंपनं. तिथे त्यानं लिहून ठेवलंय, 'नवी शक्ती जाणवते आहे'. मला वाटलं, झालं, बरा झाला, आता तराणा! छे. पुन्हा ते सावकाश गीत, पुन्हा शक्ती, पुन्हा गीत. पण दरवेळी गीताच्या सुरांभोवतीची वीण निराळी. शेवटच्या फेरीत तर एकेका सुराला चौघं मिळून टेकू देतायत. हा सगळा पाव तासाचा ऐवज, आणि बरं होणं असंच असतं, दोन पावलं पुढे, एक मागे, हे मी आता छातीठोक सांगू शकतो.

आणि हे लिहिणाऱ्याला जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं! त्याआधीचा ओपस १२७ पहिल्या प्रयोगात पडला, तेव्हा योझेफ ब्योम नावाच्या व्हायोलिनवादकाला नव्यानं बसवायला सांगितला. तालमीला बेथोव्हेन शेजारी बसायचा आणि गजांकडे टक लावून बघायचा. हाताच्या हालचालीवरून लय ओळखायचा, चुकली की दुरुस्त करायचा. एके ठिकाणी 'लय कमी करा' असं लिहिलं होतं, ब्योमनं ती कमी न करता वाजवलं. ह्यानं बघितलं, उठला आणि चारही प्रतींतून तो शेरा खोडून टाकला. माझ्या माहितीतले गवई असते तर आठवडाभर बोलले नसते.

ओपस १३१ चे सात भाग सलग, मध्ये तार जुळवायलाही उसंत नाही. तो अजून मला पुरता पेललेला नाही, सोड. १३० चा शेवट मुळात एक प्रचंड फ्यूग होता (एकच धून एकेक वाद्य मागोमाग उचलतं, तशी गुंफण), लोकांना कळेना, प्रकाशकानं गळ घातली तेव्हा या हट्टी माणसानं चक्क नवा शेवट लिहून दिला. माझं मत विचारशील तर प्रकाशक बरोबर होता. मार मला.

पण त्याच १३० मधली कॅव्हातिना, म्हणजे गाण्यासारखा संथ भाग, तू ऐकायलाच हवीस, कारण ती तुझ्या गावची सोबतीण आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी आकाशात गेली, तिच्यावर तुमच्या केरीच्या केसरबाईंची भैरवी आहे ना, 'जात कहाँ हो'? तिच्यानंतर ब्लाइंड विली जॉन्सन हा अंध अमेरिकन गायक आणि सगळ्यात शेवटी ही कॅव्हातिना. म्हणजे केसरबाई, एक आंधळा आणि एक बहिरा, या क्रमानं. कॅव्हातिनात मध्येच पहिलं व्हायोलिन लयीशी फटकून अडखळत, हुंदका गिळत बोलतं. त्यानं तिथे जर्मनमध्ये 'गुदमरल्यासारखं' असं लिहिलंय. केसरबाईंनी असा श्वास कधी तुटू दिला नसता, ते मला मान्य आहे. इथे तो तुटतो म्हणूनच ऐकायचं.

तर असं कर. जेवणं आटोपली की दिवा मालव आणि १३२ चा तिसरा भाग लाव. मासळी साफ करताना नको. आणि मला एवढंच कळव, तुला 'सा' नेमका कुठे लागला. मी अजून दोन जागी धरून बसलोय.

वहिनींना आमसुलांबद्दल सांग. बरणी दिसेल अशी ठेवलीय.

तुझा,
अण्णा