चिलापी धरली म्हणून गुन्हेगार? मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी करवीर तालुक्यातल्या एका तलावावर मासेमारीचा ठेका घेतलेल्या ठेकेदाराच्या माणसानं माझा गळ हिसकावला, आईवरून शिवी दिली आणि बुट्टीतली चिलापी परत पाण्यात ओतली. चिलापी, साहेब! रोहू-कटला नव्हे. 1952 साली बाहेरून आणलेला आणि 1959 मध्येच ज्याच्या प्रसारावर बंदी आली तो मासा. मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून कितीदा तरी पिल्लं काढते. तळं बोटाएवढ्या चिलापीनं भरतं. आपली गावठी मरळ मासळी बघायची तर आता बाजारात जायचं.

हीच चिलापी गावकऱ्यांना धरू देऊ, असा शब्द एका अधिकाऱ्यानं दिला होता. चहा आमचाच प्यायला. आता फोन उचलत नाही.

माझं वय बासष्ट. मटणाचा दर आपल्याला ठाऊक नसणार. बायको म्हणते, "या वयात शिव्या खायला जाता व्हय?" पोरगा हसतो. शेजारी विचारतात, किती किलो चोरलीस? रात्री झोप लागत नाही.

2023 मध्ये इटलीत पो नदीच्या मुखाशी अमेरिकेकडच्या निळ्या खेकड्यांनी शिंपल्यांची शेती फस्त केली. तिथल्या सरकारनं ते पकडायला 29 लाख युरो काढले, हॉटेलांनी खेकडा ताटात वाढला. ट्युनिशियानं तर जाळी फाडणाऱ्या अशाच परक्या खेकड्याची निर्यात सुरू केली. खाऊन खेकडा संपला नाही, मान्य. कोळ्याच्या हातात चार पैसे तर पडले! आपल्याकडं खेकडा सरकारच्या कामी आला तो 2019 मध्ये. तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं.

मागणी एवढीच, की गळानं चिलापी धरायला मोकळीक द्या आणि ठेक्याच्या करारात तशी अट घाला. माशांचं बी ठेकेदारानं सोडलेलं असेल तर रोहू-कटला त्याचा, त्याला कोण हात लावतो?

पण तुमच्याकडं अट लागते ती गरिबालाच. पंचगंगेत मासे मरून तरंगतात, खच पडतो. मग अधिकारी येतात, बाटलीत पाणी भरतात, नोटीस निघते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. लाखो मासे मारणारा कुणाला सापडत नाही. पाच चिलापी धरणारा मात्र पाच मिनिटांत सापडतो.

आपला,
करवीर तालुक्यातला एक मतदार