बोटीवरच्या काकांना, क्रॅशच्या सात अंकांबद्दल

काका, नमस्कार. परवा काकू म्हणाल्या की तुम्हाला हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण हे आभार चारचौघात मानायचे राहूनच गेलेत.

१९८९ ची गोष्ट. आमच्याकडे नुकताच डीबी स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती कॉम्प्युटर आला होता, म्हणजे सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचाच स्पेक्ट्रम, आपल्या पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन १९८८ मध्ये बाजारात आणलेला. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरला कॅसेट लावायची, चार-पाच मिनिटं ती किर्रर्र ऐकत बसायचं आणि गेम लागला तर लागला, नाहीतर हेड पुसून पुन्हा पहिल्यापासून. कॅसेट सगळ्या कॉपी केलेल्या, वर पेनाने नुसतं नाव, कुठलं बटण दाबलं की काय होतं ते सांगणारं कुणी नाही. अशात तुम्ही सुट्टीवर आलात आणि बॅगेतून क्रॅशचे, म्हणजे स्पेक्ट्रमच्या गेम्सवरच्या इंग्लंडच्या मासिकाचे, सात जुने अंक काढून दिलेत. "तिकडे रद्दीत मिळाले, बघ तुझ्या कामाचे आहेत का", एवढंच म्हणालात.

त्यातली पोकची पानं, म्हणजे गेममध्ये फेरफार करणाऱ्या आज्ञांची, तर मी वहीत उतरवून काढली होती. पोक, पुढे मेमरीतली जागा, स्वल्पविराम, आणि तिथे ठेवायचा आकडा. लोडरमध्ये, म्हणजे गेम चढवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, योग्य ठिकाणी ती एक ओळ घातली की जीव संपायचेच नाहीत. गेम म्हणजे आत कुठेतरी ठेवलेले आकडे आहेत आणि ते आपण बदलू शकतो, हे मला तिथे कळलं, आज जे काम करून पोट भरतोय त्याची सुरुवात तीच.

पण काका, खरा जीव जडला तो रिव्ह्यूंवर. एकेका गेमवर तीन-तीन जणांची मतं, शेजारी शेजारी, आणि ती जुळायचीच असं नाही! एकाला ग्राफिक्स आवडलेत, दुसरा म्हणतो दहा मिनिटांत कंटाळा आला, मग खाली टक्के, नव्वदच्या वर गेला तर 'क्रॅश स्मॅश' हा मानाचा शिक्का. नंतर समजलं की सुरुवातीला हे लिहिणारी बरीचशी तिथल्याच गावातली शाळेतली पोरं होती. माझ्यापेक्षा थोडीच मोठी. पोरांचं मत कुणीतरी विचारतं, छापतं, आणि दुकानात लोक त्यावरून पैसे खर्च करतात, हे मला फार मोठं वाटलं होतं, अजूनही वाटतं.

ते गाव म्हणजे लडलो, वेल्सच्या सीमेजवळचं छोटंसं. रॉजर कीन, ऑलिव्हर फ्रे आणि त्याचा भाऊ फ्रँको, या तिघांनी आधी टपालाने गेम विकायचा धंदा काढला, त्याचा कॅटलॉग होता, त्यातूनच १९८४ च्या सुरुवातीला मासिक उभं राहिलं. लंडन नाही, मोठी कंपनी नाही. दोन-तीन वर्षांत खप लाखाच्या वर गेला, कमोडोर हा दुसरा कॉम्प्युटर वापरणाऱ्यांसाठी झॅप सिक्स्टीफोर हे मासिक पण काढलं. क्रॅशची मुखपृष्ठं ऑलिव्हर फ्रेची, एअरब्रशने रंगवलेली, गेममध्ये जो आठ-दहा ठिपक्यांचा माणूस दिसायचा तो कव्हरवर घामेजलेला, दात ओठ खाणारा योद्धा असायचा. मी कव्हर बघून मग खेळायचो, म्हणजे त्या ठिपक्यांत मला तो योद्धा दिसायचा. १९९१ मध्ये त्यांची न्यूजफील्ड कंपनी बुडाली, क्रॅश दुसऱ्यांकडे गेलं आणि एप्रिल १९९२ ला अठ्ठ्याण्णवाव्या अंकावर थांबलं. ऑलिव्हर फ्रे ऑगस्ट २०२२ मध्ये गेले, पाठोपाठ जानेवारी २०२३ मध्ये कीन. ते वाचलं त्या रात्री मी माळ्यावरून अंक खाली काढले आणि पहिली आठवण तुमची आली.

काका, तुमच्या बॅगेत किलो-किलोचा हिशोब असायचा, घरच्यांसाठी साबण, चॉकलेटं, काकूंची साडी, त्यात खालच्या मजल्यावरच्या पोरासाठी सात मासिकांचं वजन तुम्ही वाहून आणलंत. मनापासून आभार.

दिवाळीत पुण्यात येतोय. सातही अंक बरोबर आणतो, तिसऱ्याच्या मागच्या पानावर तुम्ही पेन्सिलीने बंदरांची यादी लिहिली आहे, ती कुठल्या सफरीची ते मला सांगा.