वरच्या मजल्यावरून, फोटोवाल्या काकूंस

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘चहा टाकते’ म्हणून आत निघून जाता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. नाव घालत नाही, तुम्ही रागवाल. नारायण पेठेत ज्यांनी ज्यांनी तुमच्याकडे अर्जंट पासपोर्ट फोटो काढून घेतले, त्यांना ते नसलं तरी कळेल.

आधी कॅमेऱ्याबद्दल. रविवारी जुन्या बाजारातून तो पोलरॉइड ६३६, म्हणजे काढलेला फोटो तिथल्या तिथे कागदावर देणारा कॅमेरा, मी आणला तो शोभेसाठी. विकणाऱ्यानेच सांगितलं होतं, बंद आहे, कपाटावर छान दिसेल. तरी दुरुस्तीच्या दोन-तीन दुकानांत दाखवलाच. एकाने उलटासुलटा करून विचारलं, ‘ह्याला सेल कुठे टाकायचा?’ सेलची जागाच सापडेना, तेव्हा खेळणं असल्यासारखा माझ्या हातात परत दिला. तुम्ही जिन्यात भाजीची पिशवी घेऊन उभ्या होतात. लांबूनच बघून म्हणालात, ‘अगं, ह्याचा सेल फिल्मच्या पाकिटात असतो. पाकीट घाल, बोलायला लागेल.’

लागला! पाकिटाच्या तळाशी सहा व्होल्टची चपटी बॅटरी असते, कॅमेऱ्याची मोटर आणि फ्लॅश दोन्ही तिच्यावर चालतात. पोलरॉइडच्या ६०० फिल्मच्या पॅकमध्ये ती आजही येते, आय-टाइप म्हणून जो थोडा स्वस्त पॅक मिळतो त्यात नसते. (हे काकूंसाठी नाही, बाकीच्यांसाठी. माळ्यावर असा ‘बंद’ डबा पडला असेल तर भंगारात घालण्याआधी ६०० चा पॅक घालून बघा.)

पण पॅक लगेच घालू दिला नाहीत. आधी पुढचं झाकण उघडायला लावलंत, ओल्या सुती फडक्याने दोन्ही रोलर स्वतः पुसलेत, नखाने काहीतरी खरवडून काढलंत. फोटोच्या खालच्या जाड पांढऱ्या पट्टीत रसायनाची पुडी असते. फोटो बाहेर येताना रोलर ती फोडतात आणि रसायन सगळीकडे सारखं पसरवतात. रोलरवर जुना वाळका कण राहिला असेल तर प्रत्येक फोटोवर ठरावीक अंतराने ठिपके. इंटरनेटवर असे ठिपके, डाग, उजेडाचे ओघळ ह्यांना लोक ‘कॅरॅक्टर’ म्हणतात. तुम्ही त्याला ‘घाण’ म्हणता. मुदत संपलेल्या फिल्मवर मी हौसेने काढलेले पिवळट फोटो बघून तुम्ही जे बोललात ते इथे लिहीत नाही, पण ते बहुतेक खरं होतं.

तुमचा कॅमेरा वेगळ्या जातीचा. चार भिंगांचा, एका दाबात चार सारखे चेहरे. त्याची फिल्म सोलायची असे. कागद ओढून बाहेर काढायचा, थांबायचं, मग दोन थर अलग करायचे. किती थांबायचं ते हवेवर अवलंबून. भिंतीवर घड्याळ असूनही तुम्ही म्हणे पाढे म्हणायच्या. एकोणतिसाचा सावकाश म्हणून झाला की सोलायचं, डिसेंबरात त्याच्यावर एकोणिसाचा. रांगेतली पोरं तुमच्याबरोबर सुरू करायची आणि एकोणतीस सत्तेला हमखास अडायची. हा किस्सा तुम्ही मला इतक्यांदा सांगितलाय की मलाच आता एकोणतीसचा पाठ झालाय.

आणि तुम्हाला ती पोलरॉइड कंपनी काढणाऱ्या लँडसाहेबांच्या मुलीची गोष्ट सांगितली तेव्हा? १९४३ साली सांता फे इथे सुट्टीत एडविन लँडना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं, काढलेला फोटो लगेच का बघता येत नाही. फेब्रुवारी १९४७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला प्रात्यक्षिक दाखवलं आणि १९४८ च्या नोव्हेंबरात बॉस्टनच्या एका दुकानात पहिला कॅमेरा विकायला आला. मला वाटलं, तुम्ही भारावून जाल. तुम्ही शेंगा सोलत म्हणालात, ‘पोरीचा हट्ट पुरवायला पाच वर्षं! आमच्याकडे दटावून गप्प बसवली असती.’

२००८ मध्ये पोलरॉइडने फिल्म बंद करायचं ठरवलं, तोवर तुमच्या स्टुडिओत डिजिटल आलेलं होतं. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेचा त्यांचा कारखाना काही वेड्या माणसांनी चालवायला घेतला, जुनी रसायनं मिळेनात म्हणून कृती नव्याने बसवली आणि २०१० मध्ये फिल्म पुन्हा विकायला आणली. म्हणून माझा डबा चालतो. सोलायची फिल्म फुजी करत होती, तीही बंद करत असल्याचं त्यांनी २०१६ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे शोभेला कपाटावर राहिला तो तुमचाच कॅमेरा, ह्याचं मला वाईट वाटतं. तुम्हाला वाटत नाही, किंवा दाखवत नाही.

आता खरे आभार, माणसांचे फोटो काढायला शिकवल्याबद्दल.

मोठं बटण दाबलं की ह्या कॅमेऱ्याचा फ्लॅश दर वेळी पेटतो आणि चेहरा भिंतीला चिकटवल्यासारखा सपाट येतो. फ्लॅश न पेटवता फोटो घेणारं दुसरं छोटं बटण शेजारीच आहे, ते तुम्ही दाखवलंत. मग म्हणालात, माणसाला दारात बसव, उन्हात नाही, उंबऱ्याच्या आत. तोंड बाहेर, पाठ अंधाराकडे. शटर रेंगाळतं, म्हणून कोपरं बरगड्यांना टेकव आणि श्वास सोडून झाल्यावर दाब. चार फुटांच्या आत जाऊ नकोस, गेलीस तर जवळचं भिंग सरकव, आणि डोक्यावर जागा सोड, कारण आपण बघतो ती खिडकी आणि भिंग एका जागी नसतात. पुस्तकात हे सगळं असतं. उंबऱ्याच्या आत बसव, हे मात्र मी कुठे वाचलेलं नाही.

तांबट आळीतही तुम्हीच पाठवलंत. तांब्याच्या भांड्यांवर ठोक्यांचं मठारकाम करणाऱ्या कारागिराचा फोटो अंधाऱ्या दुकानात बिनफ्लॅशचा काढायचा म्हणजे हातोडी पुसटच येणार. ‘हातोडी वर गेली की क्षणभर थांबते, तेव्हा दाब. खाली येताना दाबशील तर हातच दिसणार नाही.’ तसंच केलं. चेहरा स्वच्छ, हात स्वच्छ, हातोडीच्या टोकाला जरासा कंप, आणि खालच्या हंड्यावर ठोक्यांच्या रांगा एकेक मोजता येतील अशा.

तुमचा नियम मात्र एकच. पहिला फोटो त्यांचा, दुसरा जमला तर आपला. मी हिशेब मांडून दाखवला की पॅकमध्ये पूर्वी १० फोटो यायचे, आता ८ येतात, एक दोनशे-अडीचशे रुपयांना पडतो, आणि निगेटिव्ह नसते म्हणजे दिला तो गेला. तुम्ही म्हणालात, मग जपून काढ. एवढंच.

मंडईत लिंबं विकणाऱ्या मावशींवर हा नियम पहिल्यांदा लावला. मोबाइल काढला की त्या पदर तोंडावर घ्यायच्या आणि ‘फोटो काढता, घेऊन जाता, पुढं काय?’ म्हणायच्या. त्या दिवशी सांगितलं, हा तुम्हालाच द्यायचाय. पदर खाली आला. त्यांनी लिंबांचा ढीग नीट केला, फुटकं लिंबू मागे टाकलं, बांगड्या मनगटावर सारख्या केल्या आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या की आता परीक्षा माझीच होती. फोटो बाहेर आला तो निळसर, कोरा. शेजारचा लसूणवाला ओरडला, ‘हलवा, हलवा!’ हलवायचं नसतं. ती सवय सोलायच्या फिल्मची, वरून ओली असायची म्हणून. ह्या फिल्मला उजेडापासून लपवायचं असतं, निदान पहिली काही मिनिटं. मावशींनी तो पालथा करून गोणपाटाखाली सरकवला आणि त्यावर हात ठेवून दोन गिऱ्हाइकं केली. दहा-बारा मिनिटांनी काढला. आधी हिरवा ढीग दिसला, मग कुंकू, मग बाकी सगळं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘आईसारखी दिसते की मी.’ दुसरा फोटो काढू दिला तो माझ्याकडे आहे. पहिला त्याहून चांगला होता.

तेव्हापासून मोबाइलवर माणसांचे फोटो काढणं माझं जवळजवळ सुटलंय. लहान मुलांसाठी तुम्ही फुजीचा झटपट फोटोचा कॅमेरा, इन्स्टॅक्स, घे म्हणता, स्वस्त पडतो, रंग बिघडत नाहीत. पटतं. पण तो चेहरा फार लहान येतो हो.

फ्रिजचे आभार वेगळे मानायला हवेत. ही फिल्म १३ ते २८ अंश तापमानात चांगली उमटते. त्याहून उकाडा असेल तर पिवळी-तांबूस होते, गारठा असेल तर फिकट. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांबद्दल काय बोलायचं? आमच्या फ्लॅटच्या फ्रिजमध्ये चार मुलींचे डबे, त्यात पॅक ठेवला की कुणीतरी तो फ्रीझरमध्ये सारते आणि रसायन गोठून वाया जाणार. तुम्ही भाजीचा खण अर्धा रिकामा करून दिलात. मेथीच्या जुडीशेजारी माझी फिल्म, आणि तिच्यावर तुमच्या अक्षरात चिठ्ठी: ‘खायचे नाही.’ बाहेर निघायच्या तासभर आधी काढून ठेवायची आठवणही तुम्हीच जिन्यातून ओरडून करता. उन्हातून फिरताना पॅक ओल्या पंच्यात गुंडाळलेल्या स्टीलच्या डब्यात न्यायची युक्तीही तुमचीच.

यंदा पालखीच्या मुक्कामी नाना पेठेत गेले होते. डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींनी थांबून फोटो काढू दिला, आणि मी पालथा धरून हातात दिल्यावर विचारलं, ‘किती झाले?’ काही नाही म्हटलं तर आधी विश्वास बसेना. मग कमरेची पिशवी उघडून फोटो आत ठेवला आणि दिंडीबरोबर पुढे गेल्या. तो कसा आला मला माहीत नाही. दुसरा मागायला वेळच नव्हता. घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही खूश झालात, मी जरा चिडलेच होते.

दिवाळीला भाऊ येतोय. तीन पॅक आणायला सांगितलेत, दोन रंगीत आणि एक कृष्णधवल. हातातल्या सामानात ठेव, विमानतळावर स्कॅनरमध्ये घालू न देता हाताने तपासायला सांग, असं बजावलंय. खण रिकामा ठेवा. कृष्णधवलमधला पहिला तुमचा. सगळ्या पेठेचे चेहरे काढलेत, स्वतः एकदाही बसला नाहीत. चारनंतर, तुमच्याच दारात, उंबऱ्याच्या आत. राखाडी साडी नको, मागच्या भिंतीत मिसळून जाल. आणि त्या वेळी चहा मी टाकेन, म्हणजे उठून आत जायला निमित्त राहणार नाही.

तुमची,
वरच्या मजल्यावरची